चमचाभर दही-साखर

"हात पुढं कर."

आईनं हे इतक्या हळू म्हटलं, की आधी मला वाटलं नर्सच सुई टोचायला आली. डोळे उघडले तर आई. डाव्या हातात स्टीलची झाकणाची वाटी, ती अर्धी पदराखाली, आणि नजर दाराकडे. सकाळचे साडेसहा वाजले होते आणि नऊ वाजता माझं ऑपरेशन होतं.

"आई, काही खायचं नाही म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी."

"खायाला कोण सांगतंय तुला? दही-साखर हाय ही. धाव्वीच्या परीक्षेला जाताना दिली, पोरगी बघाय जाताना दिली, दुकान उघडलंस तवा दिली. आन् आज पोट फाडून घ्यायला निघालास तर कोरडा धाडू व्हय?"

"दहावीला मी नापास झालो होतो."

"आक्टोबरला झालास न्हवं पास? कर हात पुढं. वैजू खाली पाणी आणाय गेलीया, तवर आटप."

ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो आणि माझ्या पित्ताशयात खडे झाले होते. विट्यात माझं लेडीज टेलरचं दुकान आहे, आजही आहे. या धंद्यात माणूस हळूहळू 'नाही' हा शब्द विसरतो. बाई काउंटरवर कापड ठेवते नि म्हणते, "परवा भाचीचं लग्न आहे." मी म्हणतो, "होतंय की, वहिनी." परवा ती दारात उभी राहिली की म्हणतो, "झालंच आहे, नुसते हूक राहिलेत." हूक राहिलेत म्हणजे कापडाला अजून कात्री लागलेली नाही. हे मला ठाऊक असतं, आणि वीस वर्षांच्या गिऱ्हाइकांनाही ठाऊक असतं. पण कुणाचं मन मोडल्यासारखं होत नाही.

तर अशा माणसानं आईला नाही कसं म्हणायचं? केला हात पुढं. एक चमचा दही, वर सढळ साखर. चाटून टाकलं. आईनं पदरानं माझा तळवा पुसला, वाटी पिशवीत सारली आणि भिंतीकडे तोंड करून जपाला बसली. पुरावा शिल्लक नाही.

पाण्याची बाटली घेऊन वैजू वर आली. वैजू म्हणजे वैजयंता, माझी बायको, अंगणवाडी सेविका. चाळीस पोरांची वजनं महिन्याच्या महिन्याला लिहिणारी बाई. कुठल्या पोरानं खिचडी सांडली नि कुठल्यानं लपवली, हे तिला पाठमोरी असताना कळतं. तिनं आदल्या रात्रीच वहीचं पान फाडून माझ्या खाटेला बांधलं होतं: 'उपाशी. काहीही देऊ नये.' खाली दोन रेघा मारून आणखी एक ओळ होती: 'थोडंसुद्धा.' ही दुसरी ओळ कुणासाठी होती, हे आमच्या घरात सगळ्यांना कळत होतं. चौदा वर्षं मी त्या दोघींच्या मध्ये राहत होतो. दोघीही मला जीव लावायच्या आणि दोघींचंही मत होतं, की दुसरीला माझी काळजी घेता येत नाही.

सात वाजता माझे सासरे आले. मी त्यांना मामा म्हणायचो. पहाटे औदुंबरला जाऊन दत्ताचं दर्शन घेऊन आले होते बिचारे, सत्तरीच्या वयात, दोन एसट्या बदलून. वैजू नर्सला काहीतरी विचारायला गेली, आई डोळे मिटून जपात. मामांनी खिशातून कागदाची पुडी काढली.

"जावईबापू, परसाद."

"मामा, आज नको. डॉक्टरांनी..."

"परसादाला नको म्हणत्यात व्हय? महाराजांनी धाडलाय म्हणा की." आणि पेढा माझ्या तोंडात. अख्खा. दाताला लागला, गिळलाच मग.

खरं तर मला नीट समजावून सांगितलेलं होतं. आदल्या संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या होत्या. डॉ. नीलोफर मुजावर. तिशीच्या आसपास, बुटक्या, बोलायला चटपटीत. हॉस्पिटल वीस खाटांचं, सर्जन बुधवारी मिरजेहून यायचे, पण मुजावर मॅडम गावातच राहायच्या. त्यांनी मला तोंड उघडायला लावलं, दात हलवून पाहिले, मान मागे टाकायला सांगितली, तंबाखू, दारू, दमा, आधीची ऑपरेशनं सगळं विचारलं. मी म्हणालो, "मॅडम, ऑपरेशन पोटाचं आहे." त्या म्हणाल्या, "पोट सर बघतील. मला तुमचा गळा हवाय." मग म्हणाल्या, "रात्री दहानंतर काही खायचं नाही. पहाटेपर्यंत घोटभर साधं पाणी चालेल, सहानंतर तेही नाही." मी म्हणालो, "होतंय की, मॅडम."

जाता जाता त्या दारात थांबल्या. "माझा ड्रेस?"

मोरपंखी रंगाचं कापड होतं त्यांचं, तीन आठवड्यांपासून माझ्या फळीवर. मी छताकडे पाहत म्हणालो, "झालंच आहे. नुसते हूक राहिलेत."

"ड्रेसला हूक?"

"नाडी म्हणायचं होतं."

पावणेनऊला मला आत नेलं. ऑपरेशन थिएटर म्हणजे एवढी थंड खोली, की दात वाजायला लागले. अंगात हिरवा गाऊन, त्याच्या नाड्या पाठीमागे, त्यातल्या दोन तुटलेल्या आणि शिवण उलटी. ज्यानं शिवला त्याला दोन शब्द सुनवावेत असं वाटत होतं. हाताला सलाइन लावली, दंडाला पट्टा, छातीवर चिकटपट्ट्या, बोटाला चिमटा. चिमट्याची तार एका यंत्रात गेली होती आणि ते यंत्र माझ्या नाडीबरोबर टुक, टुक करत होतं. पलीकडे सर्जन डॉ. पाटणकर हात धूत उभे होते.

मुजावर मॅडम माझ्या डोक्याशी आल्या. मास्कवरून फक्त डोळे दिसत होते.

"सुधाकर, शेवटचं विचारते. रात्रीपासून काही खाल्लं, प्यायलं?"

"नाही मॅडम. काहीच नाही."

टुक, टुक, टुकटुक, टुकटुकटुक.

मॅडमनी यंत्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "परत सांगा."

"अगदी कोरडा आहे, मॅडम," मी छताकडे पाहत म्हणालो.

"हा आवाज मी ओळखते," त्या म्हणाल्या. "गेले तीन आठवडे ऐकतेय. हाच आवाज, आणि हे असंच वर बघणं."

पाटणकर सर मागून म्हणाले, "सुरू करायचं का मॅडम?"

"थांबा सर. पेशंटचे हूक राहिलेत."

मग त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्या कानाशी बसल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, गिऱ्हाइकाच्या ओरडण्याची मला सवय आहे.

"सुधाकर, मी तुम्हाला झोपवणार असं सगळे म्हणतात, पण ही झोप नव्हे. झोपेत नाकावर माशी बसली तर तुम्ही हात मारता. ठसका लागला तर खोकता. शरीर राखण करत असतं. मी औषध दिलं, की दुखणं मेंदूला कळत नाही, घडलेलं आठवत नाही, अंग सैल पडतं. आणि गळ्याची राखणही थांबते. श्वाससुद्धा तुमचा तुम्ही घेत नाही, मी घशात नळी घालून देते. ती नळी बसेपर्यंत पोटातलं काही वर आलं, तर ते सरळ फुप्फुसात उतरतं. तुम्हाला खोकताही येत नाही. त्या वेळी मला तुमच्यासारखं 'बुधवारी बघू' म्हणता येत नाही."

टुकटुकटुकटुक.

तुम्ही म्हणाल, एवढं ऐकल्यावर माणूस लगेच सांगून टाकेल. अहो, मी हिशेब करत होतो. खरं सांगितलं तर वैजूला कळणार. वैजूला कळलं, की चौदा वर्षांत तिनं जे जे म्हटलं होतं ते सगळं खरं ठरणार, आणि पुढची चौदा वर्षं मला ते रोज ऐकायला लागणार. आईलाही ऐकायला लागणार. न सांगता मेलो, तर भांडण निदान माझ्या माघारी होईल. आज हसू येतं, पण तिथं त्या टेबलावर मला खरंच हा मार्ग सोपा वाटत होता.

मग मॅडमनी माझा हात धरला. सलाइन सांभाळून, नुसती बोटं. त्यांचा हात गार पडला होता. त्या घाबरल्या होत्या, माझ्यासाठी. माझी फजिती होईल की नाही याची त्यांना पर्वा नव्हती, त्यांना मी जिवंत हवा होतो.

"एक चमचा," मी म्हणालो.

"कशाचा?"

"दही-साखर. साडेसहाला. पण मॅडम, बायकोला सांगू नका. नाहीतर राहू द्या, तशीच द्या भूल."

मॅडमनी डोळे मिटले. पाटणकर सर म्हणाले, "चमचाभर दह्यानं काय होतंय? मला दुपारी मिरजेत ओपीडी आहे."

"सर, पोट तुमचं, गळा माझा. मी देणार नाही."

"आठ दिवस पुढं ढकलायचं का मग?"

"खडे परत पित्ताच्या नळीत अडकले तर? नको. सहा तास होऊ देत. आजच करू, दुपारी."

सर हातमोजे काढून काहीतरी पुटपुटत मिरजेला ओपीडी रद्द करायचा फोन लावायला निघून गेले. आणि मला स्ट्रेचरवर घालून बाहेर ढकललं.

बाहेर तिघंही उभी राहिली. वैजू धावत आली. "झालं? एवढ्यात?"

"काही झालं नाही," मॅडम म्हणाल्या. "ह्यांनी सकाळी दही खाल्लंय."

वैजूनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती सरळ वळली ती आईकडे.

"आत्या."

"एक चमचा!" आई म्हणाली. "शकुनाचा! त्याला काय खाणं म्हणत्यात व्हय?"

"मी दोन मिनिटं खाली गेले! दोन मिनिटं! घरून भांडं आणलं नाही, उशाशी बाटली ठेवली नाही, कागद लिहून बांधला. चाळीस पोरं सांभाळते मी, चाळीस! पण एक सासू नाही सांभाळता येत!" तिनं आईच्या पिशवीत हात घालून वाटी बाहेर काढली, झाकण लावलं आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकली. पुरावा जप्त.

"चमच्यानं कुणी मरतंय का?" आई मॅडमकडे बघून म्हणाली. "तुमीच सांगा बाई हिला."

मॅडम म्हणाल्या, "मरतं, आजी. रोज नाही मरत. पण मरतं."

आई हळूच भिंतीला टेकली आणि खाली फरशीवर बसली. "म्हंजी मी माज्या हातानं..." एवढंच म्हणाली.

आईला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ती तोंडानं तिखट बाई. एकटीनं मला वाढवलेलं. आणि आता सगळ्यांच्या देखत एकटीच गुन्हेगार होऊन बसली होती, आणि दुसरा गुन्हेगार माझ्या पायाशी उभा राहून पंख्याकडे पाहत होता.

"आणखी काही खाल्लं का, सुधाकर?" मॅडमनी विचारलं. "नीट सांगा. त्यावर वेळ ठरणार आहे."

"पेढा," मी म्हणालो. "सात वाजता. अख्खा."

"पेढा कुणी दिला?" वैजूनं विचारलं. पंखा चांगला फिरत होता, मामा तो अगदी मन लावून पाहत होते.

"आबा!"

"पेढा न्हवं गं," मामा म्हणाले. "परसाद हाय तो."

फरशीवर बसलेल्या आईनं मान वर केली. त्या एवढ्या दुःखातसुद्धा तिच्या डोळ्यांत जरा चमक आली, हे मी शपथेवर सांगतो. वैजू मात्र भाकरी करपल्यासारखा चेहरा करून उभी. दोन्ही घरांची फिट्टंफाट झाली.

"आणखी?" मॅडम माझ्यावर वाकल्या. "अजून काहीतरी आहे. तुमच्या तोंडावर दिसतंय."

एकदा खरं बोलायला लागलं की थांबता येत नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "मॅडम, तुमचा ड्रेस अजून कापलासुद्धा नाही."

मॅडमनी मास्क खाली ओढला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा अख्खा चेहरा दिसला. "हा खरा आवाज," त्या म्हणाल्या. "आता मी तुम्हाला भूल देऊ शकते. पेढा सातचा, म्हणजे आठ तास धरू. दुपारी तीन वाजता."

"तीन म्हणजे नक्की तीन का, मॅडम?" वैजूनं विचारलं.

"तीन म्हणजे तीन. मी टेलर नाही."

ते सहा तास मी जन्मात विसरणार नाही. खाटेच्या एका बाजूला वैजू, एका बाजूला आई. दोघी बोलत नव्हत्या, पण दोघींचे डोळे माझ्या तोंडावर. मी जांभई दिली तरी दोघी पुढं वाकायच्या. खाटेच्या कागदावर वैजूनं आणखी एक ओळ लिहिली: 'प्रसादसुद्धा.' मामांना दाराबाहेरच्या बाकावर बसवलं होतं. ते मधूनच आत डोकवायचे नि विचारायचे, "पाणी तरी?" आणि आई आतून ओरडायची, "ईवाई, तिथंच बसा!" दुपारी बारापर्यंत तिच्याएवढी कडक पहारेकरीण अख्ख्या हॉस्पिटलात नव्हती. भूक तिलाही लागली असणार. शेजारणीनं धाडलेला डबा तसाच होता, तिनं उघडला नाही आणि वैजूनंही उघडला नाही.

अडीच वाजता मॅडम परत आल्या. माझी नाडी पाहिली, पोटावर हात ठेवून पाहिला. आई उठून त्यांच्या मागे दारापर्यंत गेली.

"डॉक्टरीणबाई, यक इचारू? जिभंला न्हाई लावत. नुसतं हातावर ठेवलं न् पुसून घेतलं तर?"

"आत्या!" वैजू म्हणाली.

"आजी, कशासाठी एवढा हट्ट?" मॅडमनी विचारलं.

आई दाराच्या चौकटीशी बोलावं तशी बोलायला लागली. "ह्याच्या बापाच्या छातीत दुखाय लागलं. सांगलीला न्यायचं ठरलं, गावातली जीप आणली. मी म्हटलं थांबा, हातावर दही घालते. आत गेले. तर विरजण लागलंच न्हवतं, दूध नुसतं. शेजारच्या घरात गेले, तिथनं आणलं. भायेर येऊन बघते तर जीप गेलेली. कोरडाच गेला माणूस. परत आला न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "हा तवा सात वर्षांचा हुता. त्याला ठावं न्हाई."

मला खरंच ठाऊक नव्हतं. वडील हार्ट अटॅकनं गेले एवढंच ठाऊक होतं. आमच्या घरात एकतीस वर्षं रोज रात्री दोन भांड्यांत विरजण का लागायचं, एक बिघडलं तर दुसरं असावं म्हणून, हे मला त्या दिवशी कळलं. मी कूस वळवून भिंतीकडे तोंड केलं. चौदा वर्षं वैजू त्या दुसऱ्या भांड्यावरून भांडत आली होती. ती पर्सचा पट्टा नुसती पिळत उभी राहिली.

मॅडम म्हणाल्या, "आजी, दही-साखर कुणाच्या हातावर देतात? कामाला निघालेल्याच्या, बरोबर?"

"व्हय."

"मग ह्याला कशाला देता? हा काय काम करणार आहे? हा नुसता पडून राहणार. दीड तास ह्याचा श्वास मी चालवणार. ह्याचं रक्त, ह्याची नाडी, ह्याचं दुखणं, सगळ्यावर नजर मी ठेवणार. आणि शेवटी ह्याला उठवून परत आणणार तीसुद्धा मीच. परीक्षा माझी आहे, आजी." त्यांनी उजवा हात पुढं केला. "मला द्या."

आई त्या हाताकडे बघत राहिली. "तुमच्यात चालतं का गं हे?"

"माझी दादी गुळाचा खडा द्यायची. आता दादी नाही. कोण देणार?"

आईनं पिशवी चाचपली. वाटी कुठं होती? वैजूच्या पर्समध्ये. वैजूनं ती मुकाट्यानं काढली, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, "आंबट झालंय, आत्या. थांबा." आणि जिन्यावरून खाली धावली. कँटीनमधून कागदात साखर घेऊन धापा टाकत परत आली. "घ्या. जास्त घाला."

आईनं चमचा भरला. तिचा हात थरथरत होता, तर वैजूनं तिचं मनगट धरलं. मॅडमच्या तळव्यावर दही आणि साखर पडली. त्यांनी ती चाटली, आंबटानं एक डोळा बारीक झाला, तरी "मस्त" म्हणाल्या.

"जा बाई," आई म्हणाली. "नीट घिऊन ये त्याला."

आणि वाकून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. नुसताच, रिकामा.

तीन वाजता मी परत त्या टेबलावर होतो. यंत्र टुक, टुक, टुक, अगदी शहाण्यासारखं. मॅडमनी तोंडावर मास्क धरला, प्राणवायूला प्लॅस्टिकसारखा वास होता. "हातात जरा गार वाटेल, थोडी चुणचुण होईल, घाबरू नका. शंभरपासून उलटं मोजा."

शंभर. नव्याण्णव. अठ्ठ्याण्णव म्हणताना मला मोरपंखी कापड आठवलं. त्याला अस्तर लावायला हवं होतं.

"सुधाकर, डोळे उघडा."

मी म्हणालो, "अजून मोजायचेत मॅडम."

"झालं ऑपरेशन. पाच वाजलेत."

झोपून उठल्यावर माणसाला कळतं की आपण झोपलो होतो. इथं तसं नाही. मधला तुकडा कुणीतरी कापून काढला आणि दोन्ही कडा अशा जोडल्या, की शिवण सापडू नये. घसा खरवडल्यासारखा दुखत होता, अंग थंडीनं कुडकुडत होतं, मळमळत होतं. मॅडमनी हे सगळं होणार म्हणून आधीच सांगितलं होतं, त्यामुळे घाबरलो नाही. अंगावर दोन घोंगड्या टाकल्या, तेव्हा कुठं दात वाजायचे थांबले.

वॉर्डात आणल्यावर मी आईला म्हणालो, "पाणी."

"डॉक्टरीणबाईला इचारल्याबिगार थेंब मिळायचा न्हाई," आई म्हणाली.

मी वैजूकडे पाहिलं. "आत्या सांगतात ते ऐका," वैजू म्हणाली. माझ्या तोंडचं उरलंसुरलं पाणी पळालं. त्या दिवसापासून त्या दोघी एका बाजूला झाल्या नि मी एकटा पडलो तो आजतागायत.

मोरपंखी ड्रेस मी घरी गेल्यावर आठव्या दिवशी बसल्या बसल्या कापला आणि मी कबूल केलेल्या बुधवारी नेऊन दिला. मॅडमनी दोनदा कॅलेंडर पाहिलं.

त्या गोष्टीची बातमी गावात फिरली, आणि विट्यात एक नवीनच पद्धत पडली. पेशंटला आत न्यायच्या आधी घरातली म्हातारी माणसं मुजावर मॅडमना शोधत यायची. कुणी दही-साखर, कुणी गूळ, कुणी खडीसाखर. मॅडम कुणालाच नाही म्हणायच्या नाहीत. पुढं पुढं दिवसाला चार-चार ऑपरेशनं व्हायला लागली, तेव्हा त्यांनी "चिमूटभरच" अशी पाटी लावली.

आणि गेल्या वर्षी आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. वय ऐंशी. कमरेत भूल द्यायची ठरवली होती, पण तिच्या पाठीचा कणा वाकडा, जमेना. मग पूर्ण भूलच द्यायची ठरली. मॅडमनी आम्हाला बाजूला घेऊन सगळा धोका सांगितला, काही लपवलं नाही. आई रात्रीपासून कडकडीत उपाशी होती. नर्सनं गोळीबरोबर एक घोट पाणी दिलं, तर तिलाही "कुणी सांगितलंय?" म्हणून विचारून झालं.

स्ट्रेचर दाराशी आलं. आईची कवळी काढलेली, तोंड एवढंसं झालेलं. तिनं मला बोलावलं. "सुधा, डॉक्टरीणबाईला दिलंस का?"

वैजूनं वाटी आणली होती. विरजण रात्री दोन भांड्यांत लावलं होतं. मॅडम हात धुऊन आल्या, केस पांढरे झालेले, अंगात मी दिवाळीला शिवलेला करड्या रंगाचा ड्रेस. त्यांनी उजवा हात पुढं केला.

मी चमचा भरला आणि माझा हात असा लटपटायला लागला, की चमचा वाटीवर टकटक वाजायला लागला. चाळीस वर्षं सुईत दोरा ओवणारा हात माझा. पण दारापलीकडं आई जाणार होती आणि माझ्या हातात तेवढा एक चमचा होता. वैजूनं माझं मनगट धरलं.

"घाला की, टेलर," मॅडम म्हणाल्या. "आणि सांडू नका. ड्रेस तुम्हीच शिवलाय."